डॉ. मोडक उद्यानासमोरचे नाना

नाना मोडकांच्या दारातून गॅसचं सिलिंडर परत गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. रिकामं नव्हे, भरलेलं. सिलिंडरवाल्याने खालून हाक मारून एवढंच विचारलं होतं, "दादू, तीनकोना पार्कसमोरचं घर हेच ना?" नाना गॅलरीतून म्हणाले, "नाही. इथे तीनकोना पार्क नावाचं काहीही नाही."

सिलिंडरवाल्याने मान वळवून पार्ककडे पाहिलं. पार्कला तीन कोपरे होते. त्याने पुन्हा वर नानांकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि सायकल-व्हॅनला टांग मारून निघून गेला. आतून माई ओरडत होत्या, "अहो, डाळ अर्धीच शिजलीय!"

"राहू दे अर्धी," नाना म्हणाले. "पत्ता पूर्ण पाहिजे."

पूर्ण पत्ता म्हणजे 'डॉक्टर त्र्यंबक मोडक उद्यानासमोर'. हे डॉक्टर त्र्यंबक मोडक म्हणजे नानांचे वडील. तरुणपणी कोकणातून कोलकात्याला आले, दक्षिणेकडच्या या वस्तीत दवाखाना थाटला आणि जन्मभर गोरगरिबांची नाडी पाहत राहिले. ते गेल्यावर कॉर्पोरेशनने त्यांच्या घरासमोर, जिथे तीन रस्ते एकमेकांना भेटतात, तिथल्या त्रिकोणी बागेला त्यांचं नाव दिलं. लोखंडी कमान उभी राहिली, तिच्यावर बंगाली अक्षरं बसवली, कुणीतरी भाषण केलं. पाटी लागली त्या दिवशी लोकांनी ती वाचली असेल. दुसऱ्या दिवसापासून सगळे 'तीनकोना पार्क' म्हणू लागले. या शहराचं हे असंच आहे. सरकारला नावं बदलायची हौस आणि लोकांना ती नावं तोंडात न घेण्याची. इथे अजूनही लोक मेलेल्या साहेबांच्या नावाच्या रस्त्यांवर राहतात आणि नव्या नावाने पत्ता विचारलात तर तुमच्याकडे पाहुण्यासारखं बघतात.

पण नानांना हे पटवणार कोण? नाना आयुष्यभर खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये होते. जहाजातून उतरलेली पेटी उघडायची, कागदावर काय जाहीर केलंय आणि आत काय आहे ते ताडून पाहायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, सवय गेली नाही. नवरा आणि मी बँकेच्या बदलीमुळे कोलकात्याला आलो आणि नानांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायला लागलो, त्या दिवशी आमचा ट्रक दारात उभा राहताच नाना छडी घेऊन हजर. 'पुस्तकं' असं लिहिलेल्या खोक्यावर त्यांनी छडी टेकवली. "काय जाहीर केलंय?"

"पुस्तकं," मी म्हणाले.

"उघडा."

आत वर दोन पुस्तकं होती आणि खाली कुकर, खलबत्ता आणि माझ्या सासूबाईंचं पुरणयंत्र. नानांचा चेहरा उजळला. "मिसडिक्लेरेशन!" ते म्हणाले. एवढा आनंद त्यांना मी नंतर फारच थोड्या वेळा झालेला पाहिला.

तो शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा असे. मी संदेशचा पुडा नेला तर वरचा थर नलेन, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा आणि खालचा साध्या साखरेचा निघाला म्हणून मिसडिक्लेरेशन. इथल्या मराठी मंडळातल्या कुणाच्या मुलीला स्थळ आलं आणि मुलगा 'मॅनेजर' निघाला तो एका शोरूमचा, मिसडिक्लेरेशन. कुणी गेल्यावर शोकसभेत त्याला 'अजातशत्रू' म्हटलं गेलं की मागच्या रांगेतून नानांचा आवाज यायचाच. माई त्यांना दंड धरून खाली बसवायच्या.

माई म्हणजे त्यांच्या पत्नी. जन्म इथलाच, त्यामुळे बंगाली अशी बोलायच्या की मासळीवालीही फसायची. मराठी मात्र दोघांचीही थोडी वाकलेली. "बस, चहा खा," असं नाना म्हणायचे, कारण बंगालीत चहा, पाणी, सिगरेट सगळं खातात. पुण्याच्या चुलत भावांनी यावरून त्यांची इतकी टर उडवली की नानांनी पुण्याला जाणं सोडलं. पुण्यात ते 'बंगाली'. इकडे गल्लीत त्यांना बंगाली समजायचे ते वेगळ्याच कारणाने. मोडकचं इथल्या तोंडी मोदक व्हायचं, आणि मोदक आडनाव बंगाल्यांतही असतं, ते मिठाईवाल्यांचं. एकदा बागेतल्या नळाची तक्रार घेऊन नाना कौन्सिलरच्या ऑफिसात गेले, मीही बरोबर होते. तिथला माणूस आपुलकीने म्हणाला, "मोदकांचं पार्क ना? त्यांचं दुकान फार चांगलं होतं म्हणे. क्षीरकदम तर खास."

नाना त्याला समजावून सांगत राहिले. डॉक्टर, कोकण, दवाखाना. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग दुकान कोण बघायचं?"

मी हसले. आजही तो प्रसंग सांगताना हसू येतं. पण परतताना नाना कमानीखाली थांबून पाटी वाचत राहिले होते, हेही मला आठवतं.

दरवर्षी वडिलांच्या जयंतीला नाना बागेत कार्यक्रम करायचे. कमानीला रजनीगंधाचा हार, टेबलावर डॉक्टरांचा फोटो, आणि नानांचं भाषण. श्रोते म्हणजे माई, मी, माझा नवरा, बाकावर झोपलेला एखादा फेरीवाला आणि बागेतली कुत्री. भाषण बंगालीत व्हायचं, कारण "ज्यांच्यासाठी पार्क आहे त्यांना कळलं पाहिजे." ज्यांच्यासाठी पार्क होतं ते पलीकडे कॅरम खेळत असायचे.

आणि या भाषणावर, वर्षानुवर्षं, एक आवाज पाणी ओतायचा. "तीनकोना! तीनकोना! तीनकोना, एक सीट!"

तो बापी नस्करचा आवाज. बापी ऑटो चालवायचा. इथे ऑटो ठरलेल्या रस्त्यावरून धावते, चार-पाच अनोळखी माणसं एकमेकांना चिकटून बसतात आणि ड्रायव्हर शेवटच्या थांब्याचं नाव ओरडत गिऱ्हाईक गोळा करतो. गडियाहाटहून येणाऱ्या लाइनीचा शेवटचा थांबा नेमका नानांच्या गॅलरीखाली. बापीचा गळा असा होता की त्याने एकट्याने डॉक्टर मोडकांचं नाव पुसलं असं नाना म्हणायचे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

नाना ऑटोत बसताना म्हणायचे, "डॉक्टर मोडक उद्यान."

"ते कुठे आलं, दादू?" बापी रोज तितक्याच निरागसपणे विचारायचा.

"तू जिथे जन्मलास तिथे. तुझ्या आज्याला माझ्या वडिलांनी औषध दिलंय."

"दिलं असेल. पण मी मोडक उद्यान म्हणून ओरडलो तर माझ्या गाडीत कोण बसणार? तुमच्या बाबांचं नाव घेऊन मी आणि माझी रिकामी गाडी, दोघं दिवसभर फिरत राहू."

"फिरा!" नाना म्हणायचे. मागच्या बाया घड्याळं बघायच्या. कोणीतरी म्हणायचं, दादू, उतरा किंवा गप्प बसा. नाना दोन्ही करायचे नाहीत.

मग ती साथ आली.

त्या वर्षाबद्दल मी मोजकंच सांगते. माईंना ताप आला, दुसऱ्या दिवशी नानांना. माईंना बोलताना धाप लागायला लागली. मी हेल्पलाइनला फोन लावत बसले, तिकडे नुसतं संगीत वाजत होतं. ओळखीच्या डॉक्टरांनी फोन उचलला नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी उचलला आणि 'काळजी घ्या' म्हणून सांगितलं. शेवटी कोणीतरी म्हणालं, बापी नस्कर पेशंट नेतो, ऑटोत प्लास्टिकचा पडदा लावलाय, पुढच्या सीटवर ऑक्सिजनचं सिलिंडर बांधलंय. त्याचा नंबर मी नानांना दिला. वरच्या मजल्यावरून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. बापी नवीन नंबरवरून बोलणाऱ्याला ओळखत नसणार, त्याने पत्ता विचारला असणार. कारण नाना ओरडत होते, "तीनकोना पार्क! तीनकोना पार्कसमोर! पिवळं घर! बाबा रे, तीनकोना पार्क!"

बापी आला. त्याने आणि माझ्या नवऱ्याने माईंना खुर्चीतून खाली आणलं, मागच्या सीटवर आडवं केलं. नाना धडपडत मागोमाग उतरले, तर बापीने त्यांना फाटकाशीच अडवलं. जागा नव्हती, नानांच्या अंगात ताप होता, आणि हॉस्पिटलच्या दारात पोलीस कुणालाच सोडत नव्हते. "दादू, तुम्ही रस्त्यावर पडाल. मग मी कोणाला उचलू?" तो म्हणाला. ऑटो निघून गेली. नाना फाटकाची सळई धरून उभे राहिले.

माई परत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला, तेवढंच. चेहरा दाखवला नाही कुणाला. आणि पुढच्या लाटेत, तसंच लोकांना नेता नेता, बापीही गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. त्याला न्यायला कोणाची ऑटो मिळाली नाही, असं म्हणतात.

नाना बरे झाले. माझी समजूत होती की आता ते निवळतील. झालं उलटंच. मूलबाळ नव्हतं, माई गेल्या, उरली ती कमान. ज्या नावाने त्यांनी त्या दिवशी हाका मारल्या त्याचा उल्लेख त्यांनी माझ्याजवळ कधी केला नाही, आणि औषधं, दूध, कुरिअर, जे कोणी 'तीनकोना' म्हणेल ते दुप्पट जोराने परत पाठवायला लागले. मी चिडायचे. म्हणायचे, "नाना, उद्या उपाशी मराल." ते म्हणायचे, "मेलो तर पत्ता नीट लिहा."

अशात बातमी आली की पार्कचं नाव बदलणार. नवं नाव, 'बापी नस्कर स्मृती उद्यान'.

बातमी आणली कौन्सिलरच्या माणसाने. गोड बोलणारा, हात जोडलेला. तळागाळातला हिरो, ज्येष्ठांचा आशीर्वाद हवा, वगैरे. हाच माणूस त्या वर्षी खिडक्या लावून घरात बसला होता. याच्याच ताब्यातल्या गल्लीच्या क्लबच्या दारात बापीला परमिटसाठी महिनोन्महिने उभं राहावं लागलं होतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण निवडणूक जवळ आली होती, मागच्या, बापीच्या वस्तीत मतं होती, आणि मेलेला माणूस परमिट मागत नाही. नावाची कमान स्वस्तात होते. शिवाय कमान आधीच होती, नुसती अक्षरं बदलायची.

नाना पेटले. त्यांनी कौन्सिलरला शिव्या दिल्या, क्लबला दिल्या, कॉर्पोरेशनला दिल्या. "माझ्या बापाच्या जागेवर हे दुसऱ्याच्या नावाने स्वतःचा माल उतरवतायत! मिसडिक्लेरेशन!" मलाही दिल्या, कारण मी म्हणाले की बापीचं नाव काही वाईट नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली. एवढ्या शिव्यांत बापीच्या वाट्याला एकही आली नाही. त्याचा विषय निघाला की नाना चष्मा पुसायचे.

मग ते मंडळात गेले. आमचं मराठी मंडळ म्हणजे काय आहे ते सांगायला हवं. इथे पिढ्यान्पिढ्या राहिलेली घरं आहेत आणि दर तीन वर्षांनी बदलून येणारे सरकारी साहेब आहेत. दोघं मिळून वर्षभर एकमेकांना हसतात आणि गणपतीत एकत्र जेवतात. महाराजांच्या जयंतीला 'मराठी अस्मिता' या विषयावर दरवर्षी कुणीतरी बोलतं. नाना म्हणाले, "कोलकात्यात मराठी माणसाच्या नावाची एक बाग आहे, ती जातेय. मंडळाने विरोध नोंदवायला हवा."

समितीच्या बैठकीत सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. मग अध्यक्षसाहेब घसा साफ करून म्हणाले, "नाना, भावना समजतात. पण गणपतीचा मांडव आपण त्याच पार्कमध्ये घालतो. परवानगी कौन्सिलरच देतो."

"मग?"

"मग काय, तुम्हीच सांगा."

"मी सांगतो," नाना उभे राहिले. "दारावर पाटी लावा, 'मांडव मंडळ'. महाराष्ट्र नाव खोडून टाका." आणि निघाले. मी त्यांच्यामागून निघाले. मागे कुणीतरी म्हणालं, "म्हातारा हटवादी आहे," आणि दुसरं कुणीतरी उकडीच्या मोदकांची ऑर्डर यंदा कोणाला द्यायची ते विचारत होतं. मला त्या माणसांची किळस आली, आणि अजून येते. मी तिथली वर्गणी भरणं थांबवलं आहे, गणपतीला तेवढी जाते.

क्लबमध्ये सभा भरली. नियमाप्रमाणे रहिवाशांना आक्षेप विचारायचा असतो. नानांनी बंगालीतलं भाषण घोटून ठेवलं होतं, माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं होतं, आणि खरंच चांगलं होतं ते. दवाखान्याच्या पायरीवर झोपणारे पेशंट, पटकीच्या साथीत डॉक्टरांनी स्वतः उकळलेलं पाणी, सगळं त्यात होतं. इस्त्रीचं धोतर नेसून, छडी घेऊन ते मधोमध बसले. मंडळाचे अध्यक्ष दुसऱ्या रांगेत होते. ते नानांकडे न बघता पंख्याकडे बघत होते.

पहिल्या रांगेत बापीची आई बसवली होती. बसवलीच होती, स्वतःहून बसली नव्हती. चार घरी स्वयंपाक करून पोट भरणारी बाई, कोणीतरी दिलेली कडक इस्त्रीची पांढरी साडी, गळ्यात क्लबने घातलेला हार. जिवंत माणसाला हार घातला की तो काढायचा केव्हा हे तिला कळत नव्हतं.

कौन्सिलर बापीवर बोलला. त्याला तो 'माझा धाकटा भाऊ' म्हणाला. नाना पुटपुटले, मी त्यांचा हात दाबला. शेवटी कौन्सिलरने हसत विचारलं, "कुणाचा काही आक्षेप?"

नाना उठले. "आहे."

त्यांनी सुरुवात छान केली. "ही बाग माझ्या वडिलांच्या नावाची आहे," एवढंच पहिलं वाक्य बोलले, आणि पुढच्या रांगेत बापीची आई वळली. ती गोंधळली होती. तिने कौन्सिलरकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि उभी राहिली. बंगालीत जे म्हणाली ते असं होतं, "हे दुसऱ्या कोणाच्या बाबांचं आहे? मला कोणी सांगितलं नाही. मला वाटलं याला नावच नाही, नुसतं तीनकोना. तसं असेल तर नको. एकाचं पुसून माझ्या बापीचं नको लिहायला. दादू, तुमच्या बाबांचं राहू द्या."

सभेत चुळबुळ झाली. कौन्सिलरचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. त्याचा माणूस बाईच्या कानाशी लागला, ती मान हलवत राहिली, नको, नको. मी नानांकडे पाहिलं. लढाई संपली होती, ते जिंकले होते. आता काही करायची गरज नव्हती, नुसतं खाली बसायचं होतं.

नाना उभेच राहिले. छडी या हातातून त्या हातात घेतली. मग ते म्हणाले, "आमार कोनो आपत्ती नेई." माझा काही आक्षेप नाही. आणि बसले.

"नाना!" मी म्हणाले.

"गप्प बस," ते म्हणाले. "तिला एकच मुलगा होता."

टाळ्या वाजल्या. कौन्सिलरने येऊन नानांच्या पायांना हात लावला, फोटो निघाला. बाहेर शिंगाडे, म्हणजे इथले समोसे, आणि चहा होता. अध्यक्षसाहेब शिंगाडा हातात धरून कुणाला तरी सांगत होते, "बघा, ऐन वेळी कच खाल्ली. उगाच मंडळाला यात ओढत होते." मी तिथे जाऊन त्यांना चार शब्द ऐकवले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण मला त्यांची लाज वाटत नाही.

नवी पाटी आता लागली आहे. डॉक्टर मोडकांची अक्षरं काढताना खालचं लोखंड उघडं पडलं, ते रंगवायला कुणाला सुचलं नाही. बापीचं नाव कुणी घेतं का? छे. ऑटोवाले आजही 'तीनकोना, तीनकोना' ओरडतात. दोन माणसांच्या नावांचा बळी देऊन त्या बागेला शेवटी तिचे तीन कोपरेच मिळाले.

पण मला सांगायचं होतं ते सभेनंतरचं.

मी अध्यक्षांना सोडून वळले तर नाना जागेवर नव्हते. क्लबच्या बाहेर, नळापाशी, बापीची आई हार हातात घेऊन उभी होती आणि नाना तिच्यासमोर. मला वाटलं, सांत्वन करतायत. जवळ गेले तर नाना काहीतरी विचारत होते. आयुष्यभर पेट्या उघडायला लावणारा तो आवाज, पण इतका खाली गेलेला की बाईला कान पुढे करावा लागत होता.

"त्या दिवशी," नाना विचारत होते, "माझ्या बायकोला नेलं त्या दिवशी. घरी येऊन बापी काही म्हणाला होता? वाटेत ती काही बोलली का?"

म्हणजे इतकी वर्षं हा प्रश्न त्यांच्या पोटात होता. बापी रोज गॅलरीखाली होता, त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. या माणसाने त्याच्याशी पार्कच्या नावावरून भांडण केलं, पण हे विचारलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्यांना धरून बसवावंसं वाटलं.

"बोलल्या तर," बाई म्हणाली. "बापी सांगत होता. माशीमा पूर्ण रस्ताभर बोलत होत्या."

"काय?"

"ते त्याला कुठे कळलं, दादू? तुमच्या भाषेत बोलत होत्या."

नानांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"एरवी माशीमा आमच्यासारखं बोलायच्या ना? त्या दिवशी नाही बोलल्या. बापीला एक अक्षर कळेना. पण उत्तर नाही दिलं तर घाबरतील म्हणून तो नुसता 'हां माशीमा, हां माशीमा' म्हणत राहिला. हॉस्पिटल येईपर्यंत. त्याला फार लागलं होतं ते. म्हणायचा, काय सांगत होत्या कोण जाणे, दादूंना सांगायला हवं होतं, आणि मला सांगता येत नाही."

"रडत होती?"

"नाही हो. गप्पा मारतात तशा. मध्ये एकदा हसल्यासुद्धा, म्हणाला."

नानांनी तिला नमस्कार केला. ती संकोचली, हार तसाच हातात घेऊन वस्तीकडे निघून गेली. आम्ही घराकडे चालू लागलो. बाकाशी आल्यावर नाना बसले.

"ऑटोत मी नेहमी पुढे बसायचो," ते म्हणाले. "ती मागे. मागून सारखी बोलायची. तिला वाटलं असेल, पुढे मीच बसलोय."

"हो नाना. तसंच वाटलं असेल."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते छडीच्या टोकाने माती उकरत राहिले.

"पण मी असतो ना, सुलभा," ते म्हणाले, "तर दर वाक्याला वाद घातला असता. हां कधीच म्हणालो नसतो. बरं झालं, तो होता."